आवृत्तीचा अंक आणि बदलाची नोंद

प्रस्तावना

मनुष्याने निर्माण केलेल्या वस्तूंना क्रमांक देण्याची प्रथा जुनी आहे. परंतु सर्वच क्रमांकांची योग्यता सारखी नसते. काही क्रमांक केवळ मोजदादीपुरते असतात, आणि त्यांवरून वस्तूच्या गुणदोषांविषयी काहीच उलगडा होत नाही. काही क्रमांक मात्र साक्षीदाराचे काम करतात. वस्तू कोठे, केव्हा आणि कोणत्या प्रक्रियेतून निपजली याची जबानी ते देतात, आणि पुढेमागे वाद उपस्थित झाला तर ती जबानी ग्राह्य धरली जाते. आमच्या भिलाईत तयार होऊन देशभरच्या लोहमार्गांवर जाणारा रूळ ज्याने एकदा निरखून पाहिला असेल, त्याला हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रुळाच्या उभ्या अंगावर कारखान्याची खूण, रुळाचा छेद, निर्मितीचा महिना व वर्ष ही लाटतानाच उठावाच्या अक्षरांत उमटलेली असतात, आणि ज्या हीटच्या, म्हणजे भट्टीतून एका वेळी निघालेल्या घाण्याच्या, पोलादातून तो निघाला तिचा क्रमांक रूळ तप्त असतानाच त्याच्यावर ठोकलेला असतो. कालांतराने एखाद्या दूरच्या स्थानकाजवळ त्या रुळाला तडा गेला, तर तपासणीस आलेला अभियंता त्या क्रमांकाच्या आधारे भट्टीच्या नोंदवहीपर्यंत जाऊन पोहोचू शकतो. हा क्रमांक कोणा अधिकाऱ्याच्या मनात आला म्हणून पडलेला नसतो; तो प्रक्रियेतूनच निष्पन्न झालेला असतो, आणि त्याची सारी पत त्यातच आहे.

संगणकाच्या सॉफ्टवेअरलाही असा साक्षीदार क्रमांक असावा, आणि तो कोणाच्या लहरीवर न सोडता कामाच्या रोजच्या नोंदींवरून यंत्रानेच काढावा, या विचाराचा आणि त्यानुसार चालणाऱ्या पद्धतीचा परिचय करून देणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे. विषय तांत्रिक खरा. तथापि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न तंत्राचा नसून जबाबदारीचा आहे, आणि तो कसा, हे दाखविणे हे या प्रस्तावनेचे काम आहे.

रूळ एकदा लाटला की त्याच्यात बदल संभवत नाही; सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. ते लोकांच्या हाती पडल्यावरही दुरुस्त होत राहते, वाढत राहते, क्वचित पूर्वीचे सोडून नवेच वळण घेते, आणि दहावीस माणसे एकाच वेळी त्याच्या निरनिराळ्या भागांवर हात चालवीत असतात. या बदलांचा हिशेब ठेवण्याची निकड साहजिकच लवकर भासली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी 1972 मध्ये अशा नोंदींची पहिली नावाजलेली व्यवस्था उभी केली; 1982 मध्ये वॉल्टर टिची यांनी तिचे सुधारलेले भावंड म्हणावे अशी दुसरी व्यवस्था तयार केली; आणि एप्रिल 2005 मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट निर्माण केले, ज्याचा अंमल आज या क्षेत्रावर जवळजवळ निर्विवाद आहे. गिटमधील प्रत्येक बदल म्हणजे एक कमिट. कोणी, केव्हा, कोणत्या ओळी बदलल्या याचा तपशील त्यात आपोआप नोंदला जातो, आणि का बदलल्या हे सांगण्यासाठी करणाऱ्याने स्वतः लिहावयाचा मजकूर, म्हणजे कमिट मेसेज, त्याला जोडलेला असतो.

अशा रीतीने आतले दप्तर चोख झाले. परंतु तयार माल बाहेर पडताना त्याच्यावर जो आकडा घातला जाई, त्याचा या दप्तराशी संबंध असेलच असे नव्हते. डोनाल्ड नूथ यांनी आपल्या टेक या मुद्रणप्रणालीला असा क्रम लावून दिला की प्रत्येक नव्या दुरुस्तीसरशी तिचा आकडा वर्तुळाच्या पाय या गुणोत्तराकडे एकेका अंकाने सरकत जावा, आणि आपल्या पश्चात तो कायमचा पाय व्हावा. लिनक्सचा गाभा 2011 मध्ये 2.6.39 वरून एकदम 3.0 झाला, तेव्हा टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतःच खुलासा केला की यामागे कोणतीही मोठी उलथापालथ नाही, आकडे फार लांबत चालले होते इतकेच. अँग्युलर या ख्यातनाम संचाची दुसरी आवृत्ती सप्टेंबर 2016 मध्ये निघाली आणि मार्च 2017 मध्ये तिच्यामागून थेट चौथी आली; कारण त्याच्या एका घटकाचा आकडा आधीच तीनवर जाऊन बसला होता आणि सर्वांना एका ओळीत आणावयाचे होते. अशा आकड्यांत कल्पकता असेल, सोय असेल, व्यापाराचा हिशेबही असेल. पण ज्याने आपले काम दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर उभे केले आहे, त्याला जे एकच विचारावयाचे असते, की ही नवी आवृत्ती घेतली तर माझे चालते काम बंद तर पडणार नाही ना, त्याचे उत्तर त्यांत सापडत नाही.

या प्रश्नाला आकड्यातूनच उत्तर मिळावे म्हणून गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेले टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी सिमँटिक व्हर्जनिंग या नावाने एक नियमावली लिहिली. तिचा आज प्रमाण मानला जाणारा 2.0.0 हा पाठ 2013 मधील आहे. टिंबांनी विभागलेले तीन आकडे, हे तिचे बाह्य रूप. केवळ दोषनिवारण झाले असेल तर शेवटचा आकडा एकाने वाढावा. जुने सर्व अबाधित ठेवून काही नवी सोय घातली असेल तर मधला वाढावा आणि शेवटचा शून्य व्हावा. आणि जुन्या वापरणाऱ्याला आपल्या कामात फेरबदल केल्यावाचून गत्यंतर नाही असा बदल झाला असेल तर पहिला वाढावा आणि पुढचे दोन्ही शून्य व्हावेत. हे आकडे दशांशाचे नव्हेत, म्हणून 1.9.0 नंतर 1.10.0 येतो, हे नवशिक्याने ध्यानात ठेवावे. यातील मर्म असे की आकडा कर्त्याच्या श्रमांचे मोजमाप करीत नाही. सहा महिने खपून आतील सारी रचना नव्याने उभारली आणि बाहेरच्याला त्याचा पत्ताही लागला नाही, तर फार झाले तर शेवटचाच आकडा हलेल. आणि एका शब्दाच्या बदलाने शेकडो लोकांची कामे अडत असतील, तर पहिला आकडा हलविणे भाग आहे. हा आकडा म्हणजे वापरणाऱ्याशी केलेला करार होय. सबब, कराराच्या कक्षेत काय येते हे आधी जाहीर केले पाहिजे, आणि एकदा प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत मागाहून गुपचूप काही बदलता कामा नये, ही दोन कलमे नियमावलीत अगदी आरंभीच घातलेली आहेत. पहिला आकडा शून्य असेतोवर मात्र कोणतेच वचन दिलेले नाही असे समजावे.

हा करार माणसेच वाचतात असे नाही. एखाद्या प्रकल्पात दुसऱ्याचे पॅकेज घेताना, 2.4.1 किंवा त्यानंतरची पण 3 च्या अलीकडची कोणतीही आवृत्ती चालेल, असे लिहून ठेवण्याची रीत आहे, आणि पॅकेजांची ने-आण करणारी यंत्रणा त्यावर विसंबून नवी आवृत्ती कोणालाही न विचारता आत घेते. म्हणजे आकडा चुकला तर चूक वाचणाऱ्याच्या समजुतीपुरती उरत नाही. ती तडक त्याच्या कामात शिरते.

आता इतक्या वजनाचा हा आकडा ठरवावा कोणी? पूर्वी तो आवृत्ती काढण्याच्या दिवशी, बहुधा घाईत, गेल्या कित्येक आठवड्यांत कोणी काय काय केले हे आठवून ठरविला जाई. आणि आठवणीला आधार पाहावा तर कमिट मेसेज ‘किरकोळ बदल’, ‘आता नक्की’, ‘पुन्हा एकदा’ अशा मासल्याचे. अँग्युलरच्या चमूने आपल्या कामापुरता यावर एक उपाय काढला, आणि त्यावरूनच पुढे कन्व्हेन्शनल कमिट्स नावाचा सर्वांना उपयोगी पडेल असा संकेत तयार झाला. प्रत्येक मेसेजच्या आरंभी बदलाचा प्रकार लिहावा. हवे तर कंसात तो कोणत्या विभागातला ते लिहावे. मग अपूर्णविराम देऊन एका ओळीत बदल सांगावा. दोषनिवारणाला ‘फिक्स’, नव्या सोयीला ‘फीट’, आणि कराराला धक्का लावणाऱ्या बदलाला प्रकारापुढे उद्गारचिन्ह किंवा मजकुराच्या तळाशी मोठ्या अक्षरांत ‘ब्रेकिंग चेंज’ असा शेरा. कागदपत्रे, चाचण्या, आतली साफसफाई यांना त्यांची त्यांची नावे आहेत. त्यांनी आकडा हलत नाही.

महाराष्ट्रातील महसुली दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना ही कल्पना मुळीच परकी वाटणार नाही. सातबाऱ्यावरचे नाव कोणी आपल्या मर्जीने खोडून दुसरे लिहीत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाते. तिला अनुक्रमांक पडतो, आणि ती खरेदीची आहे, वारसाची आहे, वाटणीची आहे की बोजाची, हे तपशिलासह लिहिले जाते. तलाठी हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सातबाऱ्यावरील जुने नाव कंसात जाऊन नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक येतो. इकडे दुर्ग जिल्ह्यात ज्याला नामांतरण म्हणतात, त्याचाही आशय हाच. तात्पर्य, सातबारा हा फेरफारांचा परिपाक आहे. तो स्वतंत्रपणे रचला जात नाही, काढला जातो. आवृत्तीचा अंक हाही असाच कमिटांतून काढला जावा, असा या पद्धतीचा आग्रह आहे, आणि दोन्हीकडे सारी भिस्त नोंदीचा प्रकार बिनचूक लिहिण्यावर आहे.

एक लहानसे उदाहरण घेऊन हा व्यवहार जवळून पाहू. रुपयांची रक्कम लाख-कोटींच्या रीतीने स्वल्पविराम घालून छापणारे एक पॅकेज आहे, आणि त्याची शेवटची प्रसिद्ध आवृत्ती 2.4.1 आहे, अशी कल्पना करा. त्यानंतर त्यात तीन कमिट पडले:

फिक्स(स्वल्पविराम): ऋण रकमेत पहिला स्वल्पविराम चुकीच्या जागी पडत होता

डॉक्स: माहितीपत्रकातील शुद्धलेखन सुधारले

फीट(अक्षरी): रक्कम मराठी अक्षरांत लिहिण्याची सोय

प्रत्यक्ष कामात यातील पहिला शब्द रोमन लिपीत लिहितात; पुढील वर्णन आपल्या भाषेत लिहिण्यास संकेताची काही आडकाठी नाही. हे कमिट मुख्य शाखेत आले की सिमँटिक-रिलीज यासारखे साधन कामाला लागते. ते आधीच्या आवृत्तीचा टॅग, म्हणजे तिच्या कमिटवर लावलेली खूण, शोधते, त्यानंतरचे सर्व मेसेज वाचते, आणि त्यांत सर्वांत भारी बदल कोणता ते पाहते. येथे फिक्स आहे आणि फीटही आहे. फीट भारी, म्हणून नवा अंक 2.5.0. बेरीज करून 2.5.1 होत नाही, कारण नियम सर्वांत मोठ्या बदलाचा आहे, बदलांच्या संख्येचा नाही. नुसते शुद्धलेखन सुधारले असते तर आवृत्तीच निघाली नसती. मग साधन याच मेसेजांवरून चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, लिहून काढते, नव्या अंकाचा टॅग लावते, आणि पॅकेज प्रसिद्ध करून संबंधितांना इतल्ला देते. या सर्वांत माणसाचा हात कोठेही लागत नाही, आणि वादालाही जागा उरत नाही. हा अंक का, असे कोणी विचारले तर बोट दाखवावयास नोंद हजर असते.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की आता यंत्राने आपली काळजी वाहिली. नेमके याच ठिकाणी सावध होणे अवश्य आहे. याच पॅकेजात चौथा कमिट पडला असे समजा. अपूर्णांकांमुळे होणाऱ्या हिशेबाच्या चुका टाळाव्यात म्हणून कोणी असे ठरविले की यापुढे रक्कम रुपयांत न देता पैशांत द्यावी. हेतू उत्तम, बदल दोनच ओळींचा, आणि करणाऱ्याच्या मनात तो एका दोषाचाच परिहार. म्हणून त्याने सहज लिहिले, ‘फिक्स(रक्कम): अपूर्णांकांची चूक दूर केली’. मेसेज नमुन्याबरहुकूम आहे. नमुना तपासणारे कमिटलिंट त्याला बिनतक्रार पास करील, कारण ते नोंदीचे रूप पाहते, तिचे सत्य नव्हे. यंत्र 2.5.1 हा अंक घालून माल पाठवून देईल, आणि ज्यांनी 3 च्या अलीकडचे काहीही चालेल असे लिहून ठेवले आहे, त्या सर्वांच्या पावत्यांवर दुसऱ्या दिवशी पाच हजार रुपयांचे पन्नास रुपये झालेले असतील. खरा अंक 3.0.0 होता. हातकामाच्या काळात ही चूक कदाचित आवृत्तीच्या दिवशी कोणाच्या तरी ध्यानात आली असती; स्वयंचलित व्यवस्थेने ती अधिक वेगाने आणि अधिक दूरवर पोहोचविली.

माणसाच्या शब्दावर विसंबण्याऐवजी यंत्राने बदल स्वतःच पारखावा, असाही प्रयत्न झाला आहे. एल्म या भाषेची पॅकेज-व्यवस्था जुन्या आणि नव्या आवृत्तीचे बाह्य स्वरूप ताडून पाहते आणि किमान कोणता आकडा वाढविलाच पाहिजे हे बजावते. रस्ट भाषेसाठीही तशी तपासणी करणारे साधन आहे. ही साधने निःसंशय उपयुक्त आहेत, आणि एखादी सोय काढून टाकली किंवा तिचे नाव बदलले तर ती ते हटकून पकडतात. परंतु आमच्या उदाहरणात नाव तेच राहिले, पूर्वीही एक संख्या घेतली जात होती आणि आताही एक संख्याच घेतली जाते. बदलला तो त्या संख्येचा अर्थ. तो रुपयांचा होता की पैशांचा, हे संख्येच्या अंगावर लिहिलेले नसते. ते फक्त बदल करणाऱ्याला ठाऊक असते, किंवा तो बदल आत घेण्यापूर्वी वाचणाऱ्या सहकाऱ्याने विचारले तर कळते.

म्हणून या पद्धतीचे खरे स्वरूप मला असे दिसते. तिने आकडा ठरविण्याचे काम यंत्राकडे दिले, हे म्हणणे अर्धेच आहे. तिने ते काम आवृत्ती काढणाऱ्या एका माणसाकडून काढून प्रत्येक कमिट करणाऱ्याकडे सोपविले, हे उरलेले अर्धे. पूर्वी जो विचार महिन्यातून एकदा एका अनुभवी माणसाने करावयाचा, तो आता दिवसातून कित्येकदा, कालच रुजू झालेल्या मुलानेही करावयाचा आहे: माझ्या या बदलाने बाहेरच्या कोणाचे काम अडेल काय? गणित यंत्राचे, निवाडा माणसाचा. निवाड्यासाठी अवकाश ठेवावयाचा असेल तर तो कमिट आत घेण्याच्या क्षणी ठेवला पाहिजे. ज्या ठिकाणी एका कामाचे अनेक कमिट एकत्र करून शेवटी एकाच शीर्षकाने मुख्य शाखेत घेतात, तेथे ते शीर्षक दोघांनी मिळून ठरवावे, ही साधी शिस्त मी कोणत्याही साधनापेक्षा मोलाची मानतो. आणि इतके करूनही चूक झालीच, तर नियमावलीने वाट दाखविली आहे: प्रसिद्ध झालेली आवृत्ती मागे जाऊन बदलू नये, पूर्वीचे वर्तन परत आणणारी नवी आवृत्ती तातडीने काढावी, आणि सदोष आवृत्तीचा उल्लेख उघडपणे करावा.

या पद्धतीवर घेतले जाणारे आक्षेप येथे टाळणे योग्य होणार नाही. हायरम राइट यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला सिद्धांत असे सांगतो की वापरणारे पुरेसे वाढले म्हणजे सॉफ्टवेअरच्या प्रत्येक दृश्य वर्तनावर, मग ते करारात असो वा नसो, कोणी ना कोणी विसंबलेला असतोच. तसे पाहिले तर निव्वळ दोषनिवारणही कोणाचे तरी काम मोडते, आणि पहिला आकडा रोज वाढवावा लागेल. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याने करार निरर्थक ठरत नाही, कराराची कक्षा स्पष्ट लिहिण्याची गरज तेवढी अधोरेखित होते. दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा: नवा पहिला आकडा ही जाहिरातीची संधी असते, ती यंत्राच्या हाती का द्यावी? त्याला उत्तर इतकेच की जाहिरातीसाठी वेगळे नाव ठेवावे आणि आकड्याला त्याचे काम करू द्यावे. तिसरा असा की जे सॉफ्टवेअर दुसऱ्या कोणाच्या बांधणीत जात नाही, ज्याची एकच प्रत एका ठिकाणी चालते, त्याला हा सारा खटाटोप कशासाठी? येथे मात्र आक्षेपकाचे म्हणणे मान्य केले पाहिजे. उबंटूप्रमाणे वर्ष आणि महिना यांवरून क्रमांक देणे अशा कित्येक कामांना पुरेसे असते, आणि जेथे करारच नाही तेथे कराराचा अंक घालणे हा दिखाऊपणा होय.

ही पुस्तिका मराठीत का, याविषयी दोन शब्द. आमच्या हुडकोत आणि आसपासच्या वसाहतींत ज्या घरांचे दिवस एके काळी कारखान्याच्या पाळ्यांप्रमाणे चालत, त्यांपैकी कित्येक घरांतून आता पुणे, बंगळूर, हैदराबाद येथील कंपन्यांचे सॉफ्टवेअर लिहिले जाते. या मुलामुलींना साधने वापरता येतात. पाइपलाइन कशी बांधावी, टॅग कसा लावावा, हे ती परभाषेतील माहितीपत्रके वाचून शिकतातही. परंतु हे नियम का आहेत, कोणत्या ठिकाणी यंत्रावर विसंबावे आणि कोणत्या ठिकाणी विसंबू नये, याची चर्चा ज्या भाषेत माणूस विचार करतो तिच्यात झाली तरच ती अंगी मुरते. पुढील प्रकरणांत आरंभी करार लिहिण्याची रीत सांगितली आहे, त्यानंतर कमिटांचे प्रकार, मग साधनांची मांडणी, आणि शेवटी चुका निस्तरण्याचे मार्ग. ज्यांना फार घाई असेल त्यांनी साधनांचे प्रकरण मागाहून वाचले तरी चालेल. करार लिहिण्याचे प्रकरण मात्र वगळू नये.

ते वाचण्यापूर्वी वाचकाने एक करून पाहावे. आपल्या चालू कामातील गेल्या आवृत्तीनंतरचे सारे कमिट मेसेज काढावेत, आणि मूळ कोडकडे न पाहता, केवळ त्या मेसेजांवरून, पुढील आवृत्तीचा अंक कोणता असावा ते कागदावर लिहावे. मग कोड उघडून तो अंक खरा ठरतो का ते ताडावे. जेथे अंक काढताच आला नाही तेथे नोंदीची पद्धत सुधारावी लागेल. आणि जेथे काढता आला पण खोटा ठरला, तेथे पद्धतीने काही साधणार नाही, नोंद करणाऱ्याशीच बोलावे लागेल.

हुडको, भिलाई
विजयादशमी